रंगखात्यात पुन्हा वाफ

निळूताईंचं खरं नाव विचारलंत तर त्यांच्या गल्लीतले निम्मे लोक डोकं खाजवत बसतील. कापड कारखान्याच्या रंगखात्यात लागल्या, त्या पहिल्याच आठवड्यात त्या निळ्या रंगाच्या हौदात वाकून बघायला गेल्या, पाय सटकला आणि नाकाच्या शेंड्यापासून कोपरापर्यंत निळ्या होऊन बाहेर आल्या. साबण झाला, सोडा झाला, दगडाने घासून झालं, रंग काही हटेना. मुकादम म्हणाला, "आपला रंग पक्का असतो हे आता लोकांना सांगायला नको, तुम्ही नुसत्या बाजारातून फिरून या." सगळे हसले, त्यांत निळूताईही हसल्या. हातांचा रंग यथावकाश उतरला, नाव मात्र चिकटलं ते कायमचं. पुढे त्याच कारखान्यातल्या पाइप फिटरशी त्यांचं लग्न झालं, तर सासरचेही त्यांना निळूच म्हणू लागले.

स्वभावाने बाई घायकुती. डोक्यात काही आलं की ते हातून होईपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. नवरा म्हणायचा, "हिच्या चहाला उकळी फुटायच्या आधीच ही तो गाळते."

कारखाना बंद पडला तेव्हा तो एकटा पडला नाही. आधी फाटकासमोरची चहाची दुकानं गेली, मग सायकलवाला, मग शिंपी, मग केशकर्तनालय. दर थोड्या वेळाने येणारी बस सकाळ-संध्याकाळ तेवढी येऊ लागली. गल्लीत एकेका घराला कुलूप लागत गेलं. ज्यांच्या हातात कला होती ते दुसऱ्या शहरात गेले, निळूताईंचा नवराही त्यांतलाच. तिकडे एका औषधांच्या कारखान्यात त्याला काम मिळालं, सवड मिळेल तसा तो घरी यायचा. घरात मागे राहिल्या निळूताई, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि पुढच्या खोलीत मोठे दीर.

या भाऊजींबद्दल सांगायलाच हवं. ते कारखान्याचे बॉयलरवाले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा जीव त्या लोखंडी धुडात. कारखान्याला टाळं लागल्यावर काही जुने कामगार फाटकाबाहेर ताडपत्री बांधून बसले. कारखाना पुन्हा सुरू करा, एवढंच त्यांचं मागणं. भाऊजी रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कामावर निघाल्यासारखे तिथे जायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. सुरुवातीला तिथे मोठी गर्दी असायची. वर्षं गेली तशी खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. भाऊजींची खुर्ची मात्र कधी रिकामी दिसली नाही.

निळूताईंना बसून राहणं जमणारं नव्हतं. त्या शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डात मावशी म्हणून लागल्या. शौचाची भांडी द्यायची, रुग्णांना कूस बदलायला मदत करायची, खाटांवरच्या चादरी काढून गठ्ठे बांधायचे. हे काम करता करता त्यांनाही काही वर्षं झाली.

एके दिवशी महापालिकेने सभा बोलावली. शहर पुन्हा कसं उभं करायचं, यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. निळूताई मुलीच्या आग्रहाने गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. एक जण म्हणाला, विमानतळ आणा. दुसरा म्हणाला, परदेशी कंपनी आणा. तिसऱ्याने जुन्या वैभवावर इतकं लांबण लावलं की पुढचा माणूस घोरू लागला. शेवटी पालिकेच्या नियोजन विभागातल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "मोठी कंपनी येईल तेव्हा येईल, आपण प्रयत्न सोडायचे नाहीत. पण मला एक सांगा, आपल्याच शहराचं असं कोणतं काम आहे, जे रोज बाहेरगावी जातं आणि तिथून करून परत येतं?"

लोक पुन्हा विमानतळाकडे वळले. निळूताई तो प्रश्न डोक्यात घेऊनच घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मागच्या दाराशी त्या नेहमीप्रमाणे गठ्ठे ट्रकमध्ये चढवत होत्या आणि हातातला गठ्ठा तसाच धरून उभ्या राहिल्या. "काय झालं, कंबर धरली का?" ड्रायव्हरने विचारलं.

"हे धुवायला कुठं नेता हो तुम्ही?"

ड्रायव्हरने शहराचं नाव सांगितलं. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. "रस्त्यात टायर फुटला की तुमच्या वॉर्डात चादरींची बोंब. आता या गावात एवढे कपडे धुणार कोण? एवढं गरम पाणी आहे कोणाकडे?"

निळूताईंच्या रंगखात्यात आयुष्यभर दुसरं होतं काय? रंगवण्याआधी कापड धुवायचं, रंगवल्यावर धुवायचं, पिळायचं, वाळवायचं. माणूस आत शिरेल एवढे मोठे धुण्याचे ड्रम तिथे धूळ खात पडले होते. गठ्ठा ट्रकमध्ये फेकून त्या तडक मेट्रनबाईंच्या खोलीत शिरल्या. सगळ्या नर्सांच्या वरच्या या मेट्रनबाई शिस्तीच्या कडक. त्यांच्या खोलीत माशीसुद्धा विचारून बसत असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ट्रकच्या कटकटीला मी कंटाळले आहे, हे खरं. पण दवाखान्याचं कापड म्हणजे घरचं धुणं नव्हे. करून दाखवा, मग बोलू."

हो म्हटलं नाही खरं, पण नाहीही म्हटलं नाही. निळूताईंना तेवढं पुरे होतं. नियोजनवाल्या बाई भेटल्या. कारखान्याच्या मालमत्तेवर कोर्टाने नेमलेले साहेब होते, त्यांच्याकडे दोघींनी इतक्या खेपा घातल्या की शिपाई त्यांना न विचारता पाणी आणून देऊ लागला. बऱ्याच घासाघिशीनंतर रंगखात्याची एक शेड आणि बॉयलरघर भाड्याने मिळायचं ठरलं. रंगखात्यातल्या जुन्या बायका जमल्या, त्यांनी संस्था काढली. सगळं जुळत आलं आणि गाडं अडलं ते घरातच.

संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले तेव्हा निळूताईंनी विषय काढला. "भाऊजी, बॉयलर पेटवायचाय. तुमच्याशिवाय कोण पेटवणार?"

भाऊजींचा चेहरा क्षणभर उजळला. "कारखाना सुरू होतोय?"

"कारखाना नाही. दवाखान्याच्या चादरी धुवायच्या आहेत."

त्यांनी ताट पुढे सरकवलं. "निळू, त्या वाफेवर कापड रंगलंय. देशोदेशी गेलंय. त्याच्यावर आता लोकांची घाण धुवायची?"

"रोज हातानं उचलते मी ती घाण," निळूताई बोलून गेल्या. "ती घाण उचलते म्हणून हे ताट वाढता येतं."

शब्द तोंडातून सुटला आणि त्यांनी जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. भाऊजी हात धुऊन उठले. दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाजवळ उरलेल्या एकमेव खानावळीत जेवू लागले. घरात येत, पुढच्या खोलीत झोपत, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसत. मुलगी आईला म्हणाली, "जाऊन माफी माग ना." निळूताई गेल्या, माफी मागितली. भाऊजी म्हणाले, "मी रागावलो नाही." आणि कुशीवर वळले. न रागावलेला माणूस असा वळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग निळूताईंनी बाहेरगावचा एक बॉयलरवाला बोलावला. मनुष्य आला, बॉयलरभोवती एक चक्कर मारली, बाजूला थुंकला आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, हे भंगार आहे. वजनावर विकून टाका."

ताडपत्रीखालची एक खुर्ची करकरली. भाऊजी फाटकातून आत आले. टाळं लागल्यापासून इतक्या वर्षांत ते एकदाही आत आले नव्हते, ते आज सरळ चालत आले. "भंगार कोणाला म्हणालास?"

"दादा, नळ्या गंजल्यात..."

"गंजल्यात, मेल्या नाहीत. आत शिरून पाहिलंस? झाकण उघडलंस? बाहेरून बघून माणसाचं पोट दुखतंय का डोकं, हे तरी कळतं का?" असं म्हणत त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खिळ्याला अडकवला, पाना मागितला आणि झाकण खोलून कंबरेपर्यंत आत घुसले. आतून हातोडीने ठोकल्याचे आवाज येत राहिले. एक नळी, दुसरी नळी, तिसरी. बऱ्याच वेळाने ते काजळीने माखून बाहेर आले. "खालच्या रांगेतल्या बदलाव्या लागतील. बाकी ठणठणीत आहे." मग निळूताईंकडे न बघता म्हणाले, "आज घरी जेवीन. खानावळीतल्या जेवणाने घशाशी येतं."

नळ्या बदलल्या, निरीक्षकाने पाण्याचा दाब देऊन बॉयलर तपासला, परवाना मिळाला. दवाखान्यातून चाचणीपुरत्या चादरी घेऊन पहिला टेम्पो आला, त्या दिवशी ताडपत्रीखालची माणसं उठून फाटकात आडवी उभी राहिली. त्यांच्यातला एक म्हातारा विणकर भाऊजींना म्हणाला, "दादा, आपण एवढी वर्षं बसलो ते धोबीघाट काढायला? एकदा हे आत आलं की कारखाना सुरू करा म्हणायला तोंड राहील का आपल्याला?"

भाऊजी घाईने उत्तर देणारे नव्हते. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. यांतल्या कोणाच्या मुलाचं लग्न मोडलं होतं, कोणाचा मुलगा परगावी गेला तो परतला नव्हता, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. "आपण इथं बसलो म्हणून आतला एक नटबोल्ट चोरीला गेला नाही," ते म्हणाले. "फुकट बसलो असं कोणी म्हणू नये, मीही म्हणणार नाही. पण राखलेली वस्तू वापरायची की नुसती राखतच मरायचं? मागणं तुम्ही सोडू नका. मीही सोडत नाही. पाळी संपली की येऊन बसतो. माझी खुर्ची कोणी हलवू नका."

विणकर बाजूला झाला. मग बाकीचेही झाले. टेम्पो आत आला.

इथवर सगळं नीट झालं होतं. बिघडवलं ते निळूताईंच्या घाईने. नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, "अगं, बॉयलर झाला, पण पाण्याचे पाइप उघडून बघितलेस का? इतकी वर्षं पाणी साचलेलं आहे त्यांत. मी सुट्टी काढून येतो, तोवर थांब." निळूताई म्हणाल्या, "अहो, पाणी सोडलं की आपोआप साफ होतील." थांबायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. ड्रम फिरले, वाफ सुटली, बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, एकीला तर रडू कोसळलं. मग चादरी वाळून आल्या. प्रत्येक चादरीवर गंजाचे तांबूस ठिपके. पांढऱ्यावर गोवर उठावा तसे.

मेट्रनबाईंनी एक चादर उजेडात धरली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "मी ही कोणाच्या अंगाखाली घालू, तुम्हीच सांगा."

मेट्रनबाईंनी आरडाओरडा केला नाही, तेच निळूताईंना जास्त लागलं. त्या आठवड्यात संस्थेतल्या दोघीजणींनी नाव काढून घेतलं. एकीचा मुलगा न्यायला आला होता, ती जाताना म्हणाली, "निळूताई, या गावात आता काही होणार नाही. तुम्हीपण जा." नवऱ्याचाही फोन आला. त्याला तिकडे मोठी खोली मिळत होती. "मी तुला रागवत नाही. पण विचार कर. तिघंही या. दादालाही घेऊन या."

निळूताईंनी विचार केला. खोटं कशाला बोला, खोली कशी असेल, तिथे खिडकी असेल का, इथपर्यंत विचार केला. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, मी परीक्षा झाली की नोकरीसाठी जाणारच आहे. तू माझ्यासाठी राहू नकोस आणि माझ्यासाठी जाऊही नकोस." मुलगी आपल्यापेक्षा शहाणी निघाली, याचा निळूताईंना आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

सकाळी त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, खोली राहू द्या. सुट्टी काढा आणि या. पाइप सगळे काढायचे आहेत."

मग तो म्हणाला, "मोठा पाना आहे ना घरी, का तोही कोणाला दिलास?"

नंतर त्या मेट्रनबाईंकडे गेल्या. या वेळी आधी दार वाजवलं. "चूक माझी होती, मॅडम. मला सांगणारा माणूस होता, मी ऐकलं नाही. अजून एक संधी द्या."

"चादरी आता देणार नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. निळूताईंचं तोंड उतरलं. "आधी मी येऊन जागा बघीन. तुम्ही मागच्या वेळी मला बोलावलंच नाहीत. ठिपके निदान दिसले तरी. जे जंतू दिसत नाहीत त्यांचं काय?"

त्या आल्या, साडीचा पदर खोचून सगळ्या शेडमधून फिरल्या, आणि पहिल्याच फेरीत निळूताईंच्या लक्षात आलं की आपल्याला या कामातलं अर्धंच येतं. मळका गठ्ठा ज्या दाराने येतो त्याच दाराने धुतलेलं कापड बाहेर जाता कामा नये. मध्ये भिंत हवी, आणि अलीकडच्या बाईने पलीकडे पाय टाकायचा नाही. रक्ताचं कापड आधी थंड पाण्यात, गरम पाण्यात टाकलं की डाग बसलाच. हे ऐकल्यावर निळूताई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या रंगासारखंच. उष्णतेने पक्का होतो."

"अगदी तसंच," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "फक्त तुम्ही रंग बसवायला शिकलात, आता काढायला शिका."

नवरा आला. दोघे भाऊ आणि बायका मिळून जुने पाइप कापून काढू लागले. आतून निघालेला गंज पाहून नवरा नुसता बायकोकडे पाहत राहिला. त्या म्हणाल्या, "बोला, बोला. पोटात ठेवू नका, दुखेल." ताडपत्रीखालचा म्हातारा विणकर दोन-तीन दिवस लांबूनच बघत होता. भिंतीच्या विटा रचताना गवंडी एकटा पडलाय असं पाहून तो आला आणि विटा देऊ लागला.

दुसऱ्या खेपेच्या चादरी मेट्रनबाईंनी उजेडात धरल्या, उलटून पाहिल्या, नाकाशी नेल्या, आणि त्यांतल्या काही तपासायला प्रयोगशाळेत पाठवल्या. निकाल येईपर्यंत निळूताईंना ना अन्न गोड लागलं ना झोप. निकाल चांगला आला. सुरुवातीला दोनच वॉर्डांचं काम मिळालं. मग शस्त्रक्रियेच्या खोलीचं. ट्रकवाल्याचा ठेका संपला तेव्हा सगळ्या दवाखान्याचं. ट्रकचा ड्रायव्हर एकदा मुद्दाम शेड बघायला आला. निळूताईंना वाटलं आता हा शिव्या घालणार. तो म्हणाला, "तुमच्याकडे टेम्पो चालवायला माणूस हवाय का? मलाही रोज घरी जेवायला मिळेल."

याला आता बरीच वर्षं झाली. शहराचं सोनं झालं, असं मी सांगणार नाही. विणकाम खात्याचं छप्पर एका वाऱ्यात बसलं, ती जागा अजून तशीच ओसाड आहे. नियोजनवाल्या बाईंनी तोच प्रश्न घेऊन शाळांकडे, वसतिगृहांकडे, पाणीपुरवठ्याकडे धाव घेतली. शाळांचे बाक इथेच करायचा उद्योग निघाला तो दोन वर्षांत बुडाला. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा मात्र चांगला चालला आहे. धुलाईला येणाऱ्या फाटक्या चादरी शिवायला कापड तपासणी खात्यातल्या जुन्या बायका बसल्या, त्यातून दवाखान्याचे अंगरखे शिवायचं काम वाढलं. फाटकासमोर एक चहावाला परत आला, मग दुसरा आला, आणि आता ते एकमेकांशी भांडतात. बस दुपारीही येते. मुलगी परगावी नोकरीला गेली ती तिकडेच रमली, निळूताईंनी तिला एकदाही परत ये म्हटलं नाही. नवरा मात्र एका सकाळी ट्रंक घेऊन कायमचा आला. घरी कोणी नव्हतं, म्हणून शेडमध्ये आला. निळूताई म्हणाल्या, "आलात? बरं झालं. तिकडचा व्हॉल्व्ह गळतोय." त्याने ट्रंक कोपऱ्यात ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

परवा निळूताई रेल्वेच्या साहेबांकडे गेल्या होत्या. गाड्यांतली पांघरुणं धुवायला कुठे पाठवता, एवढंच विचारायला. साहेब म्हणाले, "बाई, ढीग बघितलात का? तुमच्या आवाक्यातलं काम नाही." निळूताईंनी ढीग बघितला. खरोखरच डोंगराएवढा होता. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. आज नाही आवाक्यात. पुढच्या महिन्यात परत येते." या वेळी घाई करायची नाही, आधी सगळं उघडून बघायचं, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं.

परत आल्यावर त्या बॉयलरघरात गेल्या. भाऊजी आता थकलेत, भट्टीचं काम हाताखालच्या एका मुलीला शिकवतात आणि तिच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढतात. शेजारी जुना, कारखाना बंद पडल्यापासून न उघडलेला दुसरा बॉयलर होता.

"भाऊजी, या दुसऱ्याचं काय म्हणता?"

"नळ्या गेल्यात त्याच्या."

"सगळ्या?"

भाऊजींनी खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले आणि त्या मुलीला म्हणाले, "तो मोठा पाना आण बघू." मग ते निळूताईंकडे वळले. "सगळ्या नसाव्यात."